स्वस्थ बसण्याची सात मिनिटं

ही गोष्ट सन दोन हजार सेहेचाळीसची. म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्याच घरात राहायला दाखला लागू लागला, ते हे वर्ष. त्याआधी माणसं आपापल्या घरात म्हातारी होत आणि कुणाची परवानगी घेत नसत, हे आताच्या पोरांना सांगून पटत नाही.

नियम तसा वाईट हेतूने केलेला नव्हता. मुलं परगावी, परदेशी. घराघरातून ऐंशी-पंच्याऐंशीची माणसं एकेकटी. कुणी न्हाणीघरात पडलं तर दोन-दोन दिवस पत्ता लागत नसे. मग ज्येष्ठ निवास मंडळ म्हणून एक मंडळ निघालं आणि त्याने ठरवलं, की ज्या घरात पंच्याहत्तरीच्या आतलं कुणी नाही, तिथे निदान एकाकडे तरी स्वतंत्र निवासाचा दाखला हवा. नाहीतर तीन महिन्यांत मुलांकडे जायचं, किंवा मंडळाच्या निवासात.

कराडला सोमवार पेठेत तांबवेकरांच्या दोघी जावा राहत होत्या. थोरल्या शरयूवहिनी एक्याऐंशीच्या, प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. धाकट्या हेमलताबाई सत्त्याहत्तरच्या. त्यांनी टपालात सॉर्टिंगला तीस वर्षं काढली होती. दोघींचे नवरे दोन वर्षांच्या अंतराने गेले होते. चोपन्न वर्षांत दोघींची भांडणं मिरचीच्या तिखटपणापासून मुलांच्या नावांपर्यंत सगळ्यावरून झाली, पण वेगळी चूल हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. आता तर एकीची आठवण आणि दुसरीचे गुडघे असं मिळून ते घर चालत होतं. गुडघे शरयूवहिनींचे. त्या अजून मंडईतून पिशवीभर भाजी घेऊन जिना चढत. मात्र ती भाजी काल आणली होती की आज आणायची होती, हे हेमलताबाई सांगत.

वर्षभर हे असं चालू होतं. आमटीत मीठ दोनदा पडे. मुलीचं, कल्याणीचं, नाव ओठांवर येऊन अडे. हेमलताबाईंनी याचा कुठे उच्चार केला नव्हता. कल्याणी नागपूरला, हेमलताबाईंचा ओंकार बंगळूरला एकोणिसाव्या मजल्यावर. दाखला मिळाला नाही, तर एक जाऊ नागपूरला आणि एक बंगळूरला. या वयात अशी ताटातूट म्हणजे पुन्हा गाठ नाही, हे दोघींना न बोलता कळत होतं.

"तू आहेस ना," शरयूवहिनी म्हणाल्या, "तुझी बुद्धी शाबूत आहे. तुला मिळाला की झालं. मी आपली ती चाचणीची टोपी घालून नुसती बसते."

चाचणी घरातल्या सगळ्यांनाच द्यावी लागे. मलकापूरला मेंदूजाळे केंद्र नवीनच निघालं होतं. तिथली डॉक्टर जुई डुबल तिशीची, बारीक अंगाची, बोलायला गोड. तिने दोघींना खुर्च्यांवर बसवलं आणि समोर एक चित्र धरलं. चित्रात मेंदू नव्हता, नुसते ठिपके होते आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा.

"आजी, पूर्वी वाटायचं की बुद्धी मेंदूत एका ठरावीक जागी असते. तसं नाहीये. मेंदूतला कुठलाच भाग एकटा हुशार नसतो. हुशारी असते ती या भागांमधल्या जोडण्यांत. त्यातल्या काही जोडण्या म्हणजे वहिवाटीचे रस्ते. भाकरी थापणं, ओळखीचा पत्ता वाचणं, हे सगळं त्या रस्त्यांनी होतं. आणि काही असतात आडरानातल्या पायवाटा, एरवी त्यांना कुणी विचारत नाही. पण अगदी नवा प्रश्न पुढ्यात आला, की मेंदूला नेहमीची मांडणी मोडून त्या पायवाटांनी जावं लागतं. ज्याचं जाळं असं सहज बदलतं, तो नव्या अडचणीत निभावून नेतो. घरात एकटं राहायला तेच लागतं."

"आणि ते तुला टोपीतून दिसतं?" हेमलताबाईंनी विचारलं.

"हो. आधी सात मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसायचं. काही करायचं नाही. ते तुमच्या जाळ्याचं घर. मग मी कोडी घालते. घरापासून जाळं किती लांब जातं, किती चटकन जातं, ते यंत्र मोजतं. त्याचा आकडा म्हणजे लवचिकांक. पन्नासच्या वर आला की दाखला."

"आम्ही शाळेत हेच पट्टीने बघायचो," शरयूवहिनी म्हणाल्या. "तुम्ही टोपीने बघता."

जुई खळखळून हसली. टोप्या हलक्या होत्या, स्वयंपाकघरातल्या चाळणीसारख्या. सात मिनिटं दोघी डोळे मिटून बसल्या. मग कोडी झाली. आकृत्या जुळवायच्या होत्या, आकड्यांच्या रांगेत चुकलेला आकडा ओळखायचा होता. हेमलताबाईंनी सगळी बरोबर सोडवली. शरयूवहिनींनी चारात एक.

चार दिवसांनी निकाल आला. शरयू तांबवेकर, अडुसष्ट. हेमलता तांबवेकर, एकेचाळीस.

हेमलताबाईंना वाटलं, नावांची अदलाबदल झाली असणार. त्यांनी केंद्रात फोन केला. तिथल्या माणसाने तपासून सांगितलं, की काही चूक नाही. कोड्यांची उत्तरं बरोबर असणं याला यंत्र फारसं महत्त्व देत नाही. उत्तरं सवयीनेही येतात. जाळं हललं की नाही हे महत्त्वाचं. तुमचं जागचं हललेलं नाही.

"जागचं हललेलं नाही!" शरयूवहिनींना हसू आवरेना. "हे मी चोपन्न वर्षं सांगतेय गं. त्याला टोपी कशाला हवी होती?"

हसण्यासारखंच होतं. कसंही होऊन दाखला घरात आला होता, घर राहिलं होतं. शरयूवहिनींनी तो चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला आणि आल्यागेल्याला दाखवला. "आता धाकटी माझ्या अखत्यारीत," असं वर म्हणायच्या.

हेमलताबाईही हसल्या. पण त्या दिवसापासून नवं काही शिकायची वेळ आली, की त्या आधी थबकू लागल्या. पेपरातलं कोडं अर्ध्यावर टाकू लागल्या. ओंकारने फोनवर म्हटलं, "आई, तू काकूंना विचारून करत जा हं सगळं." त्यावर त्या "बरं" म्हणाल्या, आणि ते "बरं" त्यांच्या स्वतःच्याच कानाला परकं वाटलं. एखाद्याला बुद्धी नाही असं एकदा लेखी मिळालं, की तो माणूस हळूहळू त्या कागदासारखा वागायला लागतो.

दाखल्याबरोबर मंडळाने दाराला नवं कुलूप बसवून दिलं होतं. ते दाखला असणाऱ्याच्या आवाजावर उघडे आणि मिटे. बाकीच्यांसाठी ते आतूनही बंद, का, तर कमी आकड्याची माणसं भलत्या वेळी बाहेर पडू नयेत.

भाद्रपदातल्या एका दुपारी, चारच्या सुमाराला, शरयूवहिनी दाराला "मीट" म्हणून निघून गेल्या. तासभर झाला. हेमलताबाईंनी दाराला हळू आवाजात सांगितलं, मोठ्याने सांगितलं, शेवटी शरयूवहिनींच्या आवाजाची नक्कलही केली. दार ढिम्म. मग त्यांनी गॅलरीतून खालच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली. त्याने मंडळात फोन करून दार उघडवेपर्यंत साडेसहा झाले होते.

इतर कुणी कुठे शोधलं असतं कोण जाणे. हेमलताबाई रिक्षा करून सरळ एसटी स्टँडवर गेल्या. पाटणच्या फलाटावर, बाकड्यावर, मांडीवर पर्स घेऊन शरयूवहिनी बसल्या होत्या. पाटण त्यांचं माहेर.

"लागली का गाडी?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, पाटणला आता कुणी नाही आपलं."

"ठाऊक आहे मला. गाडी लागली का, एवढंच विचारलं."

हेमलताबाई शेजारी टेकल्या. गुडघा चोळत बसल्या. शरयूवहिनी म्हणाल्या, "तुला कोंडून आले ना मी?"

"असू दे."

"असू दे काय? असू दे म्हणून सगळ्यांनी मला डोक्यावर बसवलं." त्यांनी पर्सचा चाप उघडला, मिटला. "हेमा, तो आकडा आला ना, त्या दिवशी मी फार हसले. पण मी घाबरले होते गं. मला आतून कळतंय, माझं काही खरं नाही. नापास झाले असते, तर कुणीतरी विचारलं असतं, शरयूताई, काय होतंय? आता कोण विचारणार? अडुसष्ट मार्क पडलेल्या मुलाला कुणी शिकवणी लावतं का?"

हेमलताबाईंनी त्यांचा हात धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच मलकापूरला गेल्या. शेजारच्या देसाईबाईंना शरयूवहिनींजवळ बसवून. जुई डुबल चहा पीत होती.

"मला माझा कागद बघायचाय," हेमलताबाई म्हणाल्या. "आकडा नको. आत काय दिसलं ते."

"आजी, ते तुम्हाला कळणार नाही."

"मी तीस वर्षं लोकांची अक्षरं वाचली बाळ. डॉक्टरांची सुद्धा. दाखव."

जुईने पडद्यावर सात मिनिटं आणली. माणूस स्वस्थ बसतो तेव्हा मेंदू काही बंद पडत नाही. मन इकडे जातं, तिकडे जातं. मघाचं बोलणं, उद्याचं काम, जुना एखादा सल. त्या वेळची रेघ वाऱ्यावर वाळत घातलेल्या धोतरासारखी सैल हलत असते. शेजारी नमुन्याला एका तरुण मुलाची रेघ होती, ती तशीच होती. हेमलताबाईंची मात्र जिन्यासारखी. पायरी, पायरी, पायरी, मग थोडी सपाट जागा, परत पायरी. सात मिनिटं एकसारखी.

"बघा. जराही मोकळं नाही. आणि कोडी सुरू झाल्यावरही हीच चढण मागे चालूच. म्हणून आकडा कमी."

हेमलताबाईंनी पायऱ्या मोजल्या. दहा. मग सपाट. परत दहा. त्यांचे ओठ हलायला लागले आणि बोट पायऱ्यांवरून सरकू लागलं.

"काय म्हणताय, आजी?"

"बे औटे सात, तीन औटे साडेदहा, चौक औटे चौदा..." त्या थांबल्या. "ही औटकी आहे गं. साडेतीनचा पाढा. मी तोच म्हणत होते."

"पण मी काही करू नका म्हटलं होतं!"

"मग मी कुठे काय केलं? स्वस्थ बसले होते."

जुईला काही कळेना. मग हेमलताबाईंनी तिला समजावलं. उंब्रजला त्यांचे आजोबा दिवेलागणीला पोरांना ओळीने बसवून परवचा म्हणून घेत. पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, सगळ्यांचे पाढे. शाळेतून ते पाढे कधीच गेले होते, आजोबांच्या ओसरीवरून गेले नव्हते. डोळे मिट, स्वस्थ बस, असं कुणी म्हटलं की त्याचा अर्थ एकच, मनात म्हणायला लाग. पुढे टपालात हात पत्रं टाकत आणि मनात पाढे चालत. नुसतं रिकामं कोण बसतं? रिकामं बसायला आम्हाला शिकवलंच नव्हतं.

जुईने चहा बाजूला सारला. मग तिने यंत्रातून एकेक जुना कागद काढायला सुरुवात केली. पंच्याहत्तरीच्या वरचे सगळे. पाचवा कागद पेठेतल्या मोमीन चाचांचा होता, शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्या रेघेत तेहतीस बारीक ठिपके, जरा उसंत, परत तेहतीस.

"ही त्यांची तसबीह," हेमलताबाई म्हणाल्या. "दुकानात मशीन जरा थांबलं, की मणी सरकवायचे ते."

शहांच्या आजींच्या कागदात लहानमोठ्या ओळींची तीच तीच घडी, पुन्हा पुन्हा. नवकार मंत्र. कापीलच्या एका आजोबांची लांब लांब लाट, मध्ये टाळ वाजल्यासारखा ठोका. हरिपाठ. पावणेदोनशे कागदांपैकी सव्वाशेच्या वर कागदांत असं काहीतरी. सगळ्यांना जुईने सांगितलं होतं, डोळे मिटा आणि स्वस्थ बसा. सगळ्यांनी लहानपणापासून जे केलं तेच केलं. आणि मग आकडे कमी आले.

"घरातून निघालेला माणूस किती लांब गेला ते मोजायचं, तर तो आधी घरात होता हे ठाऊक पाहिजे," जुई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "ही सगळी माणसं आधीच कामावर गेलेली होती. मी घर समजून कामाची जागा मोजली."

"आणि आमच्या वहिनी?"

जुईने तो कागद काढला. रेघ खूप हलत होती. इकडून तिकडे, वरून खाली, कुठेही न टेकता.

"यांचं मन नुसतं फिरतंय. यंत्राला ते लवचिक वाटलं. फिरून जागेवर येतंय की भरकटतंय, हे आम्ही विचारलंच नव्हतं." तिने डोळे पुसले. "आजी, मोमीन चाचा सोलापूरला पुतण्याकडे गेले ना?"

"गेल्या महिन्यात. मशीन विकून."

जुईने खोलीचं दार लोटून घेतलं. मग जुई म्हणाली, "मी तुमची एकटीची चाचणी परत घेऊ शकते. गुपचूप. कुणाला कळणार नाही. पण हे सगळं मंडळाला कळवलं, तर सगळ्यांचे दाखले रद्द होऊन सगळ्यांच्या चाचण्या नव्याने होतील. वहिनींचा जाईल. आणि तुम्ही सात मिनिटं खरोखर रिकाम्या बसू शकला नाहीत, तर तुमच्या घरात दाखलाच उरणार नाही."

हेमलताबाईंना पडद्यावर आपला तो जिना दिसत होता. मोमीन चाचांनी त्यांच्या लग्नातले ब्लाउज शिवले होते.

"कळव," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी शरयूवहिनींना सगळं सांगितलं. काही न लपवता. शरयूवहिनींनी ऐकून घेतलं, खुर्ची ओढली, तिच्यावर चढून भिंतीवरची चौकट काढली आणि पदराने काच पुसून ती टेबलावर पालथी ठेवली.

"पडाल की!"

"गुडघे पास आहेत माझे." त्या उतरल्या. "पण एक सांगते, हेमा. तू नापास झालीस, तर मी नागपूरला जायची नाही."

"मग?"

"मग काय. कुठे जायचंय ते विसरून जाईन."

नवी चाचणी तीन आठवड्यांवर होती. हेमलताबाईंना तेवढ्यात रिकामं बसायला शिकायचं होतं. दुपारी जेवणं झाली, की दोघी गॅलरीत बसत. हेमलताबाई डोळे मिटत आणि मनात काही नाही, काही नाही, असं म्हणत. मग लक्षात येई की हाही पाढाच झाला.

"जमत नाही वहिनी."

"तू धरून ठेवतेस म्हणून. मी बघ, मला काही धरताच येत नाही." शरयूवहिनींच्या आवाजात थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती. "दळण गिरणीत टाकून आलीस, की कशी बसतेस? आपल्या हातात काही नसतं. तशी बस."

"गिरणीतही मी सव्वाकी म्हणायचे."

"धन्य आहे बाई तुझी!"

आठवडा गेला तरी पाढा सुटेना. सोडला, की दुसरा येई. बाराव्या दिवशी, खाली कुणीतरी शेंगा भाजत होतं, त्या वासात केव्हातरी औटकी विरली. हेमलताबाईंना आधी टपालातल्या लाखेचा वास आला. मग शिक्का मारायची लाकडी मूठ आठवली. मग ओंकारचा शाळेतला एक फाटका मोजा, मग ओंकारच्याही आधीचं एक दुपटं. पांढऱ्यावर हिरवे ठिपके. ते आल्याबरोबर त्यांनी डोळे उघडले.

"आली का?" शरयूवहिनींनी विचारलं.

"कोण?"

"आठ दिवसांची ती पोर. तुझी पहिली."

हेमलताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत त्या मुलीबद्दल घरात कुणी बोललं नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या आठ दिवस पाढे म्हणत बसल्या होत्या. त्यानंतर म्हणायचं कधी थांबलंच नव्हतं, हे त्यांना आत्ता कळलं.

"माझ्याकडे रोज येते," शरयूवहिनी साधेपणाने म्हणाल्या. "मी घेतलं होतं ना तिला. नाक तुझ्यासारखं होतं. येऊ दे गं. काही करत नाही ती. येते, बसते, जाते."

त्या दिवशी त्या दोघी संध्याकाळपर्यंत तिथेच बसल्या. हेमलताबाई रडल्या, पण फार नाही. त्यानंतर त्यांना रिकामं बसता येऊ लागलं.

चाचणी झाली. या वेळी जुईने एकेकाला आधी विचारलं, मनात काय म्हणता, कधी म्हणता. मग सांगितलं, आज ते बाजूला ठेवा, मनाला जिकडे जायचं तिकडे जाऊ द्या, मी राखण करते. यंत्रालाही तिने नवा प्रश्न शिकवला होता. जाळं हललं, हे नुसतं पुरे नाही. जिथे बोलावलं तिथे पोचलं का, आणि परत आलं का?

हेमलताबाई अठ्ठावन्न.

शरयूवहिनींचा आकडा सांगायला जुई स्वतः घरी आली. चहाला हात लावेना.

"किती?" शरयूवहिनींनी विचारलं.

"एकतीस, आजी."

"आम्ही पस्तीसला पास करायचो. चार मार्कांची ग्रेस नाही का?"

जुईला हसावं की रडावं कळेना. शरयूवहिनींनीच तिची बशी पुढे सरकवली. "पी. निवतोय. बरं, आता सांग, मला नेमकं काय होतंय? आणि या धाकटीला नीट समजावून सांग, कारण माझ्या लक्षात राहायचं नाही."

जुईने दोन तास बसून समजावलं. कुठले रस्ते आधी पुसट होतील, कुठले शेवटपर्यंत राहतील, औषध काय, घरात काय बदलायचं. हेमलताबाईंनी एका वहीत सगळं लिहून घेतलं. दाराचं कुलूप त्याच आठवड्यात निघालं, पुन्हा साधी कडी आली.

त्यानंतर काय काय झालं, ते सांगायला हवं.

जुई डुबलला मंडळाने बोल लावला आणि वर्षभर केंद्राबाहेर बसवलं. तिने ते वर्ष गावोगाव फिरून, म्हातारी माणसं डोळे मिटून काय काय म्हणतात, ते टिपण्यात घालवलं. पुढे तेच तिचं नाव झालं. आता कुठल्याही केंद्रात टोपी घालण्याआधी तो प्रश्न विचारतात, पण तो कुणामुळे आला हे फारसं कुणाला ठाऊक नाही.

मोमीन चाचा सोलापूरहून परत आले. मशीन विकलेलं होतं, म्हणून हातशिलाईच करत. कराडला आल्यावर सहा वर्षं जगले. दाखल्यापायी गाव सोडलेल्यांपैकी चार जण मात्र परत आले नाहीत. दोघांना मुलांकडे करमलं होतं. दोघे तोवर वारले होते.

दाखल्याचा नियम राहिला. पण नुसत्या आकड्यावर कुणाला घराबाहेर काढायचं नाही, घरी जाऊन बघायचं, एवढी दुरुस्ती झाली. कल्याणी नागपूरहून दर दोन महिन्यांनी यायला लागली. आधी आई तिला ओळखे, नंतर ओळखेनाशी झाली, तरी ती येत राहिली.

शरयूवहिनी आणखी तीन वर्षं होत्या. शेवटच्या वर्षी त्यांना हेमलताबाई कोण हे कळेना. पण आलेल्या बाईला चहा विचारायचा, हे कळत होतं. रोज सकाळी त्या अदबीने म्हणत, "बसा ना. आपण कुठल्या?"

"उंब्रजची," हेमलताबाई सांगत.

"अगं बाई! आमची धाकटी जाऊ उंब्रजचीच येणार आहे. पुढल्या महिन्यात लग्न. पोरगी चांगली आहे म्हणतात." मग आवाज खाली आणून म्हणत, "मी तिच्यासाठी कपाटातला वरचा कप्पा रिकामा करून ठेवलाय. नव्या घरात आपली म्हणून एक जागा असली, की बरं वाटतं."

आणि खरोखरच त्या रोज वरचा कप्पा रिकामा करत. त्यातल्या साड्या काढून पलंगावर रचत. संध्याकाळी त्या झोपल्या, की हेमलताबाई आपल्याच साड्या घड्या घालून परत ठेवत. सकाळी पुन्हा त्या काढलेल्या असत.

एकोणपन्नासच्या मार्गशीर्षात शरयूवहिनी झोपेतच गेल्या. दिवस झाल्यावर ओंकार आईला बंगळूरला न्यायला आला. पाच वर्षांच्या दाखल्याची अजून दोन वर्षं शिल्लक होती, पण हेमलताबाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. पुढे नऊ वर्षं त्या एकोणिसाव्या मजल्यावर होत्या. तिथे सुनेने त्यांना नवं कपाट दिलं. त्यात त्यांनी खालचे सगळे कप्पे भरले. वरचा मोकळा ठेवला. सुनेने एकदा विचारलं, "आई, इथे काही ठेवायचं नाही का?"

"नको," हेमलताबाई म्हणाल्या. "कुणी आलं तर."